मंडळीत कायमचा पाहुणा कुणी नको: पुण्यातल्या चर्चसाठी कामाचा आराखडा

नाताळच्या आदल्या रविवारी आमच्या मंडळीत दरवर्षी एक 'स्पेशल आयटम' असायचा. विमाननगरच्या बाजूला शिकणारी नागालँडची सहा-सात मुलंमुली आपापल्या शाली पांघरून यायची आणि चार आवाजांत असं गायची की मागच्या बाकावरचे पेंगणारे काकाही ताठ बसायचे. टाळ्या, फोटो, केक, चहा. मग पुढच्या नाताळापर्यंत ती मुलं दिसायची नाहीत. चौथ्या की पाचव्या वर्षी त्यांच्यातल्या एका मुलीने कप विसळता विसळता मला विचारलं, "आंटी, आप लोग हमें गाने के लिए बुलाते हो. सिर्फ बैठने के लिए कब बुलाओगे?"

मी तेव्हा पास्टोरेट कमिटीची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीची सेक्रेटरी होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी तिला आणखी केक दिला.

त्यानंतरच्या वर्षांत आम्ही जे केलं, जे फसलं आणि जे टिकलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. वेगवेगळ्या भाषांची, प्रांतांची, वर्णांची आणि जातींची माणसं एका छताखाली फक्त बसावीत एवढंच नको, तर ती तिथली घरची व्हावीत असं ज्या पाळकांना आणि कमिटीच्या सभासदांना वाटतं, त्यांच्यासाठी हे आहे. आपण मराठी माणसं पाहुणचारात कमी पडत नाही. आपली गोची तिथेच होते. पाहुण्याला आपण पहिल्या बाकावर बसवतो, पहिलं ताट त्याला वाढतो, पण स्वयंपाकघराची चावी देत नाही.

आधी थोडं बाहेरचं. या विषयावर सर्वांत जास्त मोजदाद अमेरिकेत झाली आहे. रविवारी सकाळी अकराचा तास हा ख्रिस्ती अमेरिकेतला सर्वांत विभागलेला तास आहे, असं मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६० साली टीव्हीवर सांगितलं होतं. तिथले अभ्यासक साधी फूटपट्टी वापरतात: कोणत्याही एका वंशाचे लोक ८० टक्क्यांहून जास्त नसतील तर ती मंडळी मिश्र. या मापाने १९९८ साली सुमारे ६ टक्के मंडळ्या मिश्र होत्या, २०१९ मध्ये १६ टक्के. पण त्याच अभ्यासकांना हेही दिसलं की माणसं मिसळली तरी गाणी, वेळ, उपदेशाची ढब आणि निर्णय बहुतेक ठिकाणी गोऱ्यांच्याच सवयीचे राहिले. आकडा हलला, घराची मालकी हलली नाही.

उलट बाजूचा विचार मात्र भारतातूनच तिकडे गेला आहे. डोनाल्ड मॅकगॅव्हरन हे दमोहला जन्मलेले मिशनरी. मध्य भारतात जातीच्या जाती एकत्र ख्रिस्ती होताना त्यांनी पाहिल्या आणि माणसांना आपली जात, भाषा, वर्ग न ओलांडता ख्रिस्ती होणं सोपं जातं असा सिद्धांत मांडला. जगभरच्या चर्चवाढीच्या शिबिरांत तो शिकवला गेला. सोपं जातं हे खरंच आहे. आपण त्या सोपेपणाची किंमत किती पिढ्या भरतो आहोत, ते पुढे येईलच.

पहिलं पाऊल: चार रविवार नुसतं पाहा

बैठक बोलावू नका, ठराव करू नका. दोन विश्वासू माणसांना चार रविवार मागे बसवा, हातात कोरा कागद द्या आणि बाकांचा नकाशा काढायला सांगा. कोण कुठे बसतं, उपासनेनंतर कोण कोणाशी बोलतं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चहाच्या आधी कोण निघून जातं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेला माणूस आणि मळक्या कपड्यांतला गरीब यांना कुठे बसवलं जातं याची जी तक्रार आहे, तिचा हा आजचा पंचनामा समजा.

मग दुसरी यादी करा. वचन कोण वाचतं? अर्पणाच्या पिशव्या कोण फिरवतं आणि पैसे कोण मोजतं? बँकेच्या चेकवर सह्या कोणाच्या? किल्ल्या कोणाकडे? चहाची भांडी कोण घासतं? आमच्याकडे कमिटीत अकरा जण होते. अकराही मराठी, आणि त्यांतले नऊ नगरकडून आलेल्या कुटुंबांतले, एकमेकांचे व्याही-जावई. भांडी घासणाऱ्या चार बायकांपैकी कमिटीत कुणाचंच माणूस नव्हतं. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं, पण कागदावर पाहिल्यावर पाळकसाहेब बराच वेळ गप्प बसले.

एक पथ्य पाळा. लोकांची जात विचारत फिरू नका, रजिस्टरमध्ये तो रकाना ठेवू नका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, नंतर १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाही. त्यामुळे कित्येक कुटुंबांचे कागद एक सांगतात आणि रविवार दुसरं. या विषयावर त्यांना बोलतं करणं म्हणजे त्यांच्या मुलाबाळांच्या दाखल्यांना हात घालणं. घरी कोणती भाषा बोलता आणि वाढलात कुठे, एवढे दोन प्रश्न पुरतात.

दुसरं पाऊल: आधी आपल्या घरातली भिंत

बहुतेक मंडळ्या हे पाऊल गाळून थेट नायजेरियन विद्यार्थ्यांना जेवायला बोलावतात. परका लांबचा असला की प्रेम करणं सोपं असतं. तिसऱ्या बाकावरच्या कुटुंबात मुलगी द्यायची म्हटलं की खरी परीक्षा सुरू होते.

मराठी ख्रिस्ती माणूस जात विचारत नाही. तो "तुम्ही मूळचे कुठले?" विचारतो, मग "कोणत्या मिशनचे?" आणि मग आडनाव दोनदा ऐकतो. तीन प्रश्नांत काम होतं. आपल्याला हे प्रश्न निरागस वाटतात, कारण आपण विचारणाऱ्याच्या बाजूला उभे असतो.

पुण्यात चहाच्या पेल्यावरून काय घडू शकतं, हे आपल्याच इतिहासात आहे. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातले प्रतिष्ठित लोक जमले आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. पुढे नावं छापून आली, ग्रामण्य म्हणजे बहिष्काराचा वाद झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळक आणि रानडे यांनाही प्रायश्चित्ताचा प्रश्न चुकला नाही. आपण ही गोष्ट "बघा, ते कसे होते" अशा सुरात सांगतो. आमच्या अभ्यासगटात एका बाईंनी शांतपणे विचारलं, "आणि मिशनच्या आत त्या दिवशी कोण कोणाच्या पंगतीला बसत होतं?" त्यावर कुणाला काही सुचलं नाही.

करायचं काय? सहा आठवड्यांचा छोटा गट करा, दहा-बारा जणांचा, घरोघरी फिरता. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय घ्या. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर जेवत होता, यरुशलेमेहून माणसं आल्यावर मागे सरला, आणि पौलाने त्याला तोंडावर विरोध केला. तेवढाच प्रसंग सहा वेळा वेगवेगळ्या बाजूंनी वाचा. कुणालाही "तुमचा अनुभव सांगा" म्हणू नका. ज्याला सोसावं लागलं त्यालाच परत साक्षीला उभं करणं हा दुसरा अन्याय. ज्यांनी मागे सरण्याचं काम केलं, त्यांनी आधी बोलावं. आमच्या गटात पहिले तीन आठवडे फक्त हवापाण्यावर गप्पा झाल्या. चौथ्या आठवड्यात एका ज्येष्ठ गृहस्थांनी सांगितलं की आपल्या बहिणीचं लग्न त्यांनी कोणत्या कारणाने मोडलं होतं. त्यानंतर गट खऱ्या अर्थाने सुरू झाला.

गटाबरोबर एक छोटी गोष्टही करा. फलकावर लग्नाच्या स्थळांची पत्रकं लागत असतील, तर त्यांत 'उच्चकुलीन' आणि 'आमच्यातलेच' हे शब्द चालणार नाहीत असं ठरवा. गडबड होईल. आमच्या इथे दोन कुटुंबं दुसऱ्या चर्चला गेली. त्यातलं एक परत आलं.

तिसरं पाऊल: बोलावण्याआधी जा

नकाशा घ्या आणि चर्चभोवती पाचेक किलोमीटरचं वर्तुळ काढा. खडकी-घोरपडीच्या लष्करी भागात तमिळ कुटुंबं पिढ्यानपिढ्या आहेत. पिंपरी-चिंचवड, देहूरोडकडे मल्याळी. कॅम्पात गोव्याचे आणि मंगळूरचे कॅथलिक. कोंढवा, विमाननगर, कॅम्प या भागांत ईशान्येकडचे आणि आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांचे विद्यार्थी. वाघोली, चाकणच्या बांधकामांवर आणि सोसायट्यांच्या गेटवर झारखंड-छत्तीसगड-ओडिशाचे आदिवासी ख्रिस्ती, जे घरी सादरी, कुडुख किंवा मुंडारी बोलतात. तुमच्या सोसायटीचा वॉचमन तुमच्यापेक्षा जुना ख्रिस्ती असू शकतो. आमच्या गेटवरच्या दादांचे पणजोबा बाप्तिस्मा घेतलेले होते आणि मी त्यांना चार वर्षं नाताळचा फराळ 'आमचा सण' म्हणून देत होते.

यांतल्या बहुतेकांची आपापली सहभागिता, म्हणजे छोटी प्रार्थनामंडळी असते, कुणाच्या तरी हॉलमध्ये किंवा भाड्याच्या खोलीत. तिथे जा. निदान तीन वेळा. मागे बसा, भाषण करू नका, बॅनरबरोबर फोटो काढू नका आणि आमंत्रणपत्रिका नेऊ नका. दुसऱ्याच्या कळपातली मेंढरं ओढणं हा पुण्यातल्या चर्चचा जुना आजार आहे. तुम्ही आल्यावर त्यांच्या पुढाऱ्याला पहिली शंका तीच येणार.

तिसऱ्या भेटीत विचारा, "आमच्याकडून काय उपयोग होईल?" आम्हाला वाटलं होतं की उत्तर 'उपासनेला जागा' असेल. खरी उत्तरं वेगळी निघाली: भाड्याने खोली मिळवायला कुणी स्थानिक माणूस बरोबर येईल का, ससूनमध्ये केसपेपर कसा काढायचा, परीक्षेच्या दिवसांत मेस बंद असते. आणि वेळ. भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. ज्याची रविवारी पाळी आहे, त्याला "रविवारी नऊला या" म्हणणं म्हणजे येऊ नका म्हणणं. आम्ही गुरुवारी संध्याकाळी तासाभराची प्रार्थना सुरू केली. आजही सर्वांत मिश्र गर्दी तिथेच असते.

चौथं पाऊल: भाषा

पहिला सल्ला सगळे हाच देतात: इंग्रजी करा, म्हणजे सगळे येतील. हा सल्ला इंग्रजी शाळेत गेलेल्यांचा असतो. उपासना इंग्रजीत नेली की मराठी आजी गेली, झारखंडचा दादाही गेला आणि उरले आयटीतले. त्याला मिश्र म्हणायचं तर म्हणा. एकाच पगाराची ती मंडळी असते.

आमच्याकडे मराठी उपासना मराठीच राहिली. आम्ही एवढं बदललं. उपासनाक्रमाचं एक पान दर रविवारी छापतो: मराठी देवनागरीत, तीच मराठी रोमन लिपीत, आणि शेजारी हिंदी व इंग्रजीत अर्थ. रोमन लिपी ठेवल्यामुळे कोहिमाचा मुलगाही पहिल्या दिवशी गाऊ शकतो. वचनाचे दोन पाठ दोन भाषांत वाचले जातात, दुसरी भाषा आलटून-पालटून. प्रभूची प्रार्थना प्रत्येकाने आपल्या मातृभाषेत, एकाच वेळी, मोठ्याने. पहिल्यांदा तो कल्लोळ ऐकून एक काका म्हणाले, "हा बाजार झाला." आता तेच काका प्रार्थना संपली तरी डोळे मिटून ऐकत बसतात.

उपदेशाचं भाषांतर हा वेगळा धडा. आधी आम्ही उसने इअरफोन आणून समांतर भाषांतर करून पाहिलं. मागच्या खोलीत भाषांतर करणारा तरुण माइक बंद करायला विसरला आणि पाळकसाहेबांच्या उपदेशावरचं त्याचं खासगी मत तीस जणांनी चार मिनिटं ऐकलं. मग वाक्यागणिक भाषांतर करायला घेतलं, तर वीस मिनिटांचा उपदेश चाळीस मिनिटांचा झाला. शेवटी जमलं ते असं: उपदेश बारा ते पंधरा मिनिटांचा, शनिवारी त्यातली पाच मुख्य वाक्यं भाषांतर करणाऱ्यांकडे, आणि उपदेश चालू असताना प्रत्येक भाषेचा एक जण आपल्या चार-पाच माणसांच्या मध्ये बसून हळू आवाजात सांगतो. यंत्र लागत नाही. शेजार लागतो, तो आपोआप तयार होतो.

आणि मराठी सोपी करा. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली, ती खेड्यातल्या साध्या बाईला कळावं म्हणून. केडगावच्या मुक्तिसदनात १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुली आल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतल्या आल्या; एका अंगणात किती भाषा असतील याची कल्पना करा. 'नीतिमत्त्व', 'प्रायश्चित्त', 'समेट' हे शब्द आपल्या कॉलेजातल्या मुलांनाही आता कळत नाहीत. परक्यांसाठी सोपं करायला घेतलं आणि घरच्यांनाच पहिल्यांदा उपदेश कळला, असं आमच्याकडे झालं.

नावं नीट म्हणा. घोकून घ्या, घरी आरशासमोर म्हणून पाहा. "तुझं नाव अवघड आहे, आम्ही तुला सॅम म्हणू" हे वाक्य मंडळीत बंद करा.

गाणी, थोडक्यात

'त्यांचं गाणं' महिन्यातून एकदा ठेवू नका; तो पुन्हा स्पेशल आयटम होतो. परक्या भाषेतलं एक गाणं आपल्या गायकगटाने त्यांच्याकडून शिकायचं आणि सलग सहा रविवार सगळ्यांनी म्हणायचं. शिकवणारा त्या भाषेचा, म्हणणारे सगळे, पोशाख नेहमीचे. पेटी-तबल्यावरचं भजन आज आपल्याला आपलं वाटतं, पण भाषांतरित इंग्रजी चालींच्या जागी अभंगाचा सूर आणण्यासाठी नारायण वामन टिळकांसारख्यांना पिढीभर खपावं लागलं. आमच्या ढोलकीवाल्या भाऊंनी एक योरुबा गाणं केरव्यात बसवलं. शिकवणारा मुलगा हसून म्हणाला, "बसलं नाहीये, पण चालेल." भाऊंनी ते फार मनाला लावून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे शिकायला गेले.

पाचवं पाऊल: चूल

सगळ्यात जास्त काम इथे होतं, म्हणून इथे घाई नको.

'देशोदेशीचे स्टॉल' मांडू नका. आम्ही एक वर्ष मांडले. प्रत्येक जण आपल्या टेबलामागे उभा राहिला आणि दुकानदार झाला. त्याऐवजी महिन्यातून एक जेवण ठेवा आणि स्वयंपाकाच्या टोळ्या मुद्दाम मिसळा: एका टोळीत चार घरची चार माणसं, त्यांत निदान एक पुरुष, आणि मुख्य आचारी दर वेळी वेगळा. बाकीच्यांनी त्याच्या हाताखाली कांदे चिरायचे. सातारकडच्या मावशींनी नायजेरियन मुलीच्या हुकमाने जोलोफ भातासाठी टोमॅटो वाटले, तेव्हा तीन वेळा "आमच्यात असं करत नाहीत" म्हणून झालं. चौथ्यांदा त्यांनी विचारलं, "हे आधी का परततेस?" आमच्या मंडळीत पहिला खरा संवाद बहुधा त्या पातेल्यापाशी झाला.

वासाचा प्रश्न येणारच. नागा स्वयंपाकातल्या अखुनीचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा वास उग्र असतो. त्याच वासावरून घरमालकांनी मुलांना खोल्या सोडायला लावल्याचे किस्से पुण्यात कमी नाहीत. आमच्या हॉलमध्ये ती शिजली तेव्हा कुणीतरी खिडक्या उघडल्या आणि मुलींचे चेहरे पडले. मग एका बाईंनी बोंबील भाजायला घेतले. दोन वास भिडले आणि विषय मिटला.

मांसाचं आधीच ठरवा. पोर्क काहींच्या जिवाभावाचं, काहींना चालत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशहत्याबंदी कडक आहे, त्यामुळे बीफचा प्रश्न चर्चच्या पातेल्यात आणूच नका. प्रत्येक पातेल्यावर चिठ्ठी लावा आणि एक पातेलं बिनमांसाचं ठेवा. वाढताना रांग एकच. करिंथच्या मंडळीत पोट भरलेले आधी जेवायचे आणि कामावरून उशिरा येणारे उपाशी राहायचे, त्यावरून पौल भडकला होता. म्हणून पाळीवरून येणाऱ्यांसाठी आधी झाकून ठेवा, मग रांग सुरू करा.

आणि स्वयंपाकघराची दुसरी चावी करून घ्या. ती मराठी नसलेल्या कुटुंबाकडे द्या. हा ठराव आमच्या कमिटीत तीन बैठका अडला होता. भांडी हरवतील, हे कारण. तोवर जी भांडी हरवली होती ती सगळी आमच्याच काळात हरवली होती.

सहावं पाऊल: निर्णयाची जागा

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातं, अशी कुरकुर होते. मंडळी चौकशी समिती नेमत नाही. स्तेफन, फिलिप्पापासून नीकलावापर्यंत सात जण निवडले जातात आणि साती नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती कोठार दिलं. तेराव्या अध्यायात अंत्युखियाच्या पुढाऱ्यांची यादी पाहा: कुप्रचा बर्णबा, निग्र म्हटलेला शिमोन, कुरेनेचा लूक्य, हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन, आणि शौल.

सुरुवात घटनेपासून करा. तुमच्या न्यासाच्या घटनेत सभासदत्वासाठी किती वर्षांची अट आहे? तीन वर्षांच्या पदवीला आलेला विद्यार्थी सभासद होईपर्यंत शिकून जातो. सहयोगी सभासदाचा वर्ग करता येईल का, ते तपासा. विश्वस्त बदलले तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, हे काम रेंगाळलं की नवे लोक कागदावर नसतातच आणि पहिल्याच वादात "तुम्ही कोण?" ऐकतात.

एकटा माणूस घेऊ नका, निदान दोघं घ्या. एकटा माणूस त्या अख्ख्या प्रांताचा वकील होतो. 'आउटरीच' किंवा 'सांस्कृतिक' खातं त्यांना देऊ नका. पैसे मोजायला बसवा, इमारत दुरुस्तीत घ्या. बैठकीत सर्वांत नव्या सभासदाने आधी बोलायचं, अध्यक्षांनी शेवटी. इतिवृत्त मराठीत लिहा आणि बैठक संपण्याआधी हिंदीत तोंडी सांगा.

परंपरांचा घोळही होईल. कुणी बालबाप्तिस्म्याचं, कुणी बुडवून बाप्तिस्मा घेणारं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा परंपरा मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धतींना एकाच छताखाली जागा दिली गेली. तुमच्या चर्चचं शासन वेगळं असलं तरी हा दाखला कमिटीत ठेवायला बरा पडतो. आणि कुणालाही त्यांची स्वभाषेतली सहभागिता मोडायला सांगू नका. तमिळ प्रार्थनासभा दुपारी तुमच्याच हॉलमध्ये होऊ द्या, पण वीजबिल, झाडलोट आणि हॉलची वही एकच असू द्या.

कागद, पोलीस आणि पैसे

परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत तीन गोष्टी पाळाच. विद्यार्थी व्हिसावर आलेला उपासनेला येऊ शकतो, पण धर्मप्रचाराच्या कामासाठी परदेशी नागरिकाला वेगळा मिशनरी व्हिसा लागतो. त्याला पत्रकं वाटायला पाठवू नका. कुणी आपल्या घरी परदेशी माणसाला ठेवलं तर चोवीस तासांत ऑनलाइन नोंद करावी लागते. आणि ज्याने आमची झोप उडवली ते तिसरं: परदेशी नागरिकाने भारतात रुपयांत दिलेली देणगीसुद्धा विदेशी अंशदान धरली जाते आणि विदेशी अंशदान कायद्याखालच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय घेता येत नाही. म्हणजे अर्पणाच्या पिशवीतली शंभराची नोटही. आपल्या सनदी लेखापालाला विचारून पद्धत ठरवा आणि त्या मुलांना आधी एकांतात सांगा. पिशवी त्यांच्यासमोरून नुसती पुढे सरकवली तर त्याचा अर्थ ते वेगळाच लावतील.

ऑगस्ट २०१२ मध्ये मोबाइलवरच्या अफवांनी आणि काही हल्ल्यांनी घाबरून ईशान्येकडची माणसं पुण्या-बंगळूरहून गाड्या भरभरून गावी निघाली होती. २०१४ च्या जानेवारीत अरुणाचलचा निडो तानिया दिल्लीत मारहाणीनंतर गेला. असं काही घडलं तर रात्री फोन कुणाला करायचा, हे आजच ठरवा. आमच्याकडे तीन नावं फलकावर आहेत: एक वकील, एक नर्स, एक दुचाकी असलेला तरुण. खोली पाहायला जाताना मंडळीतलं एक मराठी जोडपं बरोबर जातं आणि घरमालकाला "ही आमच्या घरची मुलगी" म्हणून सांगतं. पंधरा मिनिटांचं काम आहे.

आपली जीभही तपासा. 'चिंकी' आणि 'हबशी' तर बंदच. पण संडे स्कूलमधल्या त्या रंगीत पानांच्या पुस्तकात काळं पान म्हणजे पाप असतं. आमच्या वर्गात एका टांझानियन कुटुंबातल्या सहा वर्षांच्या मुलाने ते पान पाहून आपले हात पाठीमागे लपवले. आम्ही ते पुस्तक काढून टाकलं. नाताळच्या नाटकात एका मागीला, म्हणजे पूर्वेकडून येणाऱ्या ज्ञानी पुरुषाला काजळ फासायची प्रथाही त्याच वर्षी बंद केली.

किती दिवस लागतात

पहिल्या दोन वर्षांत आकडा हलत नाही आणि कुरकूर वाढते, तेव्हा पाळकाच्या पाठीशी उभं राहणारी तीन-चार माणसं आधीच ठरवलेली हवीत. दरवर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा चार रविवार तो बाकांचा नकाशा काढा. आम्ही अजूनही एकच गोष्ट आधी पाहतो: चहाआधी कोण गेलं.

विद्यार्थी तर जाणारच. त्यांना नुसते हात हलवून निरोप देऊ नका, पुढच्या शहरातल्या मंडळीसाठी पत्र द्या. त्या शालवाल्या मुलीला बंगळूरला नोकरी लागली, तेव्हा मी जुना नमुना काढला. त्यात छापलेलंच होतं: 'यांनी आमच्या मंडळीत गायनसेवा केली.' मी ती ओळ खोडली आणि लिहिलं की या दोन वर्षं आमच्या दुरुस्ती समितीवर होत्या, छपराचं कंत्राट यांनीच दोनदा परत पाठवलं, आणि स्वयंपाकघराची चावी यांच्याकडे असे. चावी परत द्यायची त्या विसरल्या होत्या. पार्सलने आली.